तळाची माती

यंदा विहिरीच्या तळाशी मी चालत गेले. पायऱ्या संपल्यावर खडकाचा एक टप्पा लागतो, तो एरवी कुणाच्या नजरेला पडत नाही. त्यावरून बसत, टेकत उतरले आणि तळात उभी राहिले. वर आभाळ परातीएवढं दिसत होतं. भिंतीच्या कपारींत पारवे घुमत होते आणि पाणी म्हणाल तर एका कोपऱ्यात, म्हशीनं पाय ठेवल्यावर खुराच्या ठशात साचतं तेवढं. वाकून मूठभर गाळ उचलला.

"काय शोधायलीस गं खाली?" काठावरून कौसाबाईनं विचारलं. ही माझी शेजारीण, मेंढरं राखणाऱ्यांच्या घरातली. आमच्या बायकांच्या दूध सोसायटीची ती अध्यक्ष आणि मी सचिव.

"माती न्यायला आले."

"वर कमी पडली व्हय?"

तिला काय सांगायचं? वैशाखातलं ऊन असं डोक्यावर आलं, विहिरीच्या भिंतीवर पाण्याच्या जुन्या रेघा उघड्या पडायला लागल्या, की मला तो दुसरा वैशाख आठवतो. त्या वैशाखात मी केज तालुक्यातल्या या खेड्यातून उठून अंदमानला गेले होते आणि समुद्रात, पाठीला हवेची टाकी बांधून, एका भिंतीलगत उतरले होते. हे मी सांगते तेव्हा लोक हसतात. हसू द्या. पाण्यात बुडी मारणं मला काही नवीन नव्हतं.

माझ्या वडलांनी मला पोहायला शिकवलं तेव्हा गावात एकही पोरगी पोहत नव्हती. आई कातावली होती. वडील म्हणाले, पाणी शेंदायला हीच जाणार, पाय घसरला तर हिला वर कोण काढणार? पाठीला वाळका भोपळा बांधून त्यांनी मला विहिरीत ढकललं. भोपळा सुटला तशी मी पोरांच्या बरोबरीनं बुड्या मारायला लागले. आमच्या विहिरीचा एक रिवाज होता. बुडी मारली असं तोंडानं म्हणून चालायचं नाही, तळाची माती वर आणून दाखवायची. आधी पाण्याबाहेर मूठ यायची, मग डोकं. मुठीत काळा गाळ असला तर बुडी खरी, नाहीतर काठावरची पोरं हुर्यो करायची. तो गाळ थंडगार असायचा आणि त्याला एक वास असायचा, ओल्या लोखंडासारखा. तो वास अजून माझ्या नाकात आहे.

लग्न गावातच झालं, म्हणून तीच विहीर, तसाच भोपळा, आणि मीच माझ्या दत्ताला शिकवलं. तो एकुलता एक. पहिल्यांदा तळाची माती घेऊन वर आला तेव्हा त्यानं ती मूठ उघडलीच नाही, तशीच घट्ट मिटून घरी पळत गेला आणि वडलांच्या पुढ्यात धरली. ह्यांचं बोलणं मुळात कमी. त्यांनी ती माती घेतली आणि दारातल्या तुळशीला घातली.

त्या वर्षांत पाणी होतं. म्हणजे फार होतं असं नाही, पण सकाळी सोसायटीच्या दारात किटल्यांची रांग लागायची एवढं होतं. बायका दूध घालायच्या आणि दुधापेक्षा जास्त बोलायच्या. कुणाच्या सुनेचं, कुणाच्या रेड्याचं, नारायणगडाच्या यात्रेला कोण कोण जाणार त्याचं. मी माप घ्यायची, कौसाबाई फॅट बघायची आणि "म्हशीला पाणी पाजलंस का दुधाला?" असं तोंडावर विचारायची. भांडणं व्हायची. पण दुपारी केजहून गाडी येऊन कॅन घेऊन गेली की सगळ्यांच्या तोंडावर एकच समाधान असायचं, कारण ते दूध एकटीचं नसायचं. सहकार म्हणजे काय हे मला भाषणांतून कधी कळलं नाही. त्या कॅनमध्ये तोंड घालून बघितल्यावर कळलं. कौसाबाईचं दूध कुठलं आणि माझं कुठलं, हे कुणाला सांगता आलं नसतं.

मग पावसानं तोंड फिरवलं. एक वर्ष, मग दुसरं. जनावरं सरकारी चारा छावणीत गेली, हेही त्यांच्यामागं तिकडंच राहायला गेले. काही छावणीतून घरी परतली, काही थेट बाजारात. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, दूध म्हणजे शेवटी पाणीच की. कॅन सोसायटीच्या भिंतीला पालथे घातले आणि त्यांच्यावर धूळ बसली. दत्ता तेव्हा अंबाजोगाईच्या कॉलेजात होता. ते सोडून घरी आला आणि दिवसभर विहिरीच्या काठावर बसायला लागला. एक दिवस मीच म्हणाले, "इथं बसून पाणी येतंय का? जा कुठंतरी." माझा मावसभाऊ अंदमानात बांधकामावर मुकादम होता, त्याच्याकडं गेला. बांधकामावर फार टिकला नाही. होड्या धुता धुता पाण्यात उतरला, आणि बघता बघता लोकांना समुद्रात बुडी मारायला शिकवणारा झाला. ज्यानं समुद्र फक्त चित्रात बघितला होता तो. गावात सांगितलं तर लोक म्हणायचे, "म्हंजे पोरगं पगार घेऊन पवतंय व्हय?"

एका वर्षी पाऊस पडला. चांगला पडला. विहीर निम्म्याच्या वर भरली, कौसाबाईनं म्हैस घेतली, तिचं बघून आणखी चारचौघींनी घेतल्या. आम्ही कॅन घासून उन्हात ठेवले. वैशाखाच्या तोंडाशीही पाणी टिकून होतं, तेव्हा हे एका रात्री जेवताना म्हणाले, "पोराला घेऊन ये." एवढंच. फोनवर मी आधीही बोलावलं होतं, तो हसून विषय बदलायचा. म्हणून मी स्वतः निघाले. समुद्र बघायला नाही, बुडी मारायला नाही. मी माझं पोरगं परत आणायला गेले होते. विहीर भरली आहे, सोसायटी उभी राहिली आहे, चल, हे वाक्य मी रस्ताभर मनात घोळवत होते.

दत्तानं आधीच कळवलं होतं, माय, कान आणि छाती तपासून ये. अंबाजोगाईला डॉक्टरांनी विचारलं, कशासाठी? मी म्हणाले, समुद्रात बुडायचं आहे. डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग घरी सगळं ठीक आहे ना, असं हळूच विचारलं.

दत्ता काळा पडला होता. केस तांबूस झाले होते. जेट्टीवर त्यानं वाकून नमस्कार केला तेव्हा त्याच्या अंगाला मिठाचा वास आला, आमच्या घरचा कुठलाच वास नाही. मी ठरवलेलं वाक्य लगेच म्हणणार होते, पण तो म्हणाला, "माय, आदी तुला माजी भिंत दावतो. मग बोलू." त्याची भिंत. बेटापासून होडीनं थोडं आत गेलं की पाण्याखाली ती उभी होती. तिच्यासाठीच लोक लांबून यायचे, तिच्यावरच त्याचं पोट होतं.

पहिल्या दिवशी कमरेएवढ्या पाण्यात शिकवणी. मला तो रबरी पोशाख चढवताना दोघं घामाघूम झालो. आरशात बघितलं आणि म्हणाले, तुझ्या बापाला हा फोटो पाठवलास तर बघ. तोंडात नळी, डोळ्यांवर काच, पाठीला टाकी. आमच्याकडं टाकीत पाणी आणून जमिनीवर जगतात, इथं टाकीत हवा घेऊन पाण्यात जगायचं. खोल जाताना कान दुखले तर नाक दाबून फुंकायचं. आपल्यात नाक दाबलं की तोंड उघडतं, इथं कान उघडतात. पाण्यात बोलता येत नाही म्हणून हाताच्या खुणा. अंगठा आणि बोट जुळवून कडं केलं की 'बरं आहे'. अंगठा वर केला की 'वर चल'. मी मान डोलावली. शिकवणारा माझ्याच हाताखाली शिकलेला, त्याचं ऐकायला मजा वाटत होती.

दुसऱ्या दिवशी उतरलो. भिंतीकडं तोंड करून मी आधी काय केलं असेल तर तळ शोधला. सवय. तळ नव्हता. भिंत खाली जात जात निळ्यात नाहीशी झाली होती आणि निळं पुढं काळं होत गेलं होतं. मला विहीर माहीत होती, जिच्यात कितीही खोल गेलं तरी हाताला शेवटी काही लागतं. इथं हाताला काही लागणार नव्हतं. दत्तानं माझा दंड धरला होता. एवढ्यात भिंतीच्या आडून हळदीच्या रंगाच्या माशांचा अख्खा थवा आला आणि आम्हा दोघांच्या मधून निघून गेला. मला इतकं भारी वाटलं की मी अंगठा वर केला.

दत्ताचे डोळे काचेआड मोठे झाले. त्यानंही तसाच अंगठा दाखवला आणि मला धरून हळूहळू वर घेऊन आला.

"काय झालं माय? दम लागला का? छातीत दुकतंय का?"

"कावून आणलंस वर? लई भारी हाय म्हणत होते मी."

तो पाण्यावर उताणा पडून हसला. त्याला तसं हसताना मी छावणीच्या आधी कधीतरी बघितलं होतं. मग म्हणाला, "माय, ही हाताची खून गंमत न्हाई. खाली कुनी अंगठा दावला की दुसऱ्यानं कावून म्हनायचं न्हाई. त्येनं बी अंगठा दावायचा, आन दोगांनी संगंच वर यायचं. एकट्याला कुनी सोडायचं न्हाई."

"आणि वर यायचंच नसलं तर?"

"तरी यायचं."

परत उतरलो. या वेळी त्यानं मला भिंतीला वळसा घालून दुसऱ्या अंगाला नेलं. तिथं सगळं पांढरंशुभ्र होतं. फांद्या, पंखे, गड्डे, खालपासून वरपर्यंत पांढरे. आमच्याकडं सणाच्या तोंडावर घरांना चुना देतात तसा कुणी अख्ख्या भिंतीला दिला होता. मला ते देखणं वाटलं, खरंच वाटलं. आता चुकायचं नाही म्हणून मी बोटांचं कडं करून त्याला दाखवलं, बरं आहे, झकास आहे. त्यानं उलटून कडं केलं नाही.

होडीत बसल्यावर त्यानं सांगितलं. "ह्ये पवळं हाय माय. झाड न्हाई, आन दगूड बी न्हाई. बारीक बारीक जित्राबं हायती. चुन्याची घरं बांदत्यात. त्येंच्या अंगात शेवाळ ऱ्हातं, रंग त्येचा असतो. शेवाळ उनावर रांदतंय आन ह्येंना खाऊ घालतंय. ह्ये त्येला ऱ्हायला जागा देत्यात."

"म्हणजे सोसायटीच की."

"सोसायटीच. पर पानी तापलं की बिघडतंय. औंदा लई तापलंय. मग ही जित्राबंच शेवाळाला भाईर काडत्यात."

"जो खाऊ घालतो त्यालाच?"

"त्यालाच."

"मग खातात काय?"

"काय न्हाई. उपाशी बसत्यात. पांडरं म्हंजे मेलेलं न्हाई माय, उपाशी हाय. पानी लवकर थंड झालं तर शेवाळ परत येतं. न्हाई झालं तर संपलं."

मी वळून पाण्याकडं बघितलं. वरून काही दिसत नव्हतं, निळं होतं, सुंदर होतं, दुसऱ्या होडीतली माणसं फोटो काढत होती. माझ्या तोंडून निघालं, "पांढर पडली रे." दत्तानं मान खाली घातली. आमच्या भागात कसतो ती काळी आणि राहतो ती पांढरी. आणि गाव उठून गेलं, घरं बसली, नुसतं मातीचं टेकाड उरलं, की त्याला पांढर म्हणतात. तिथं कुणी राहत नाही आणि कुणी नांगर घालत नाही. त्या बेटावर हा शब्द आम्हा दोघांनाच कळत होता.

आणि मला दावणीवरून सोडलेल्या म्हशी आठवल्या. ज्या आम्हाला खाऊ घालत होत्या त्यांना बाजार आम्हीच दाखवला होता. पोरालाही जा कोण म्हणालं होतं? ऊन तापलं की घर आपल्या माणसांना बाहेर काढतं, यात कुणाचा दोष नसतो आणि तरी काळीज जळतं. पाण्यात दुष्काळ पडतो हे मला माहीत नव्हतं. माझी समजूत होती की निदान पाण्यात तरी तो पडत नसेल.

दुपारी ह्यांचा फोन आला. हे कधी आपणहून फोन करत नाहीत. "विहीर आटली," म्हणाले. "निम्मी होती की," मी म्हणाले. "होती. वरच्या अंगाला नवीन बोअर पाडल्यात. कौसाबाईनं म्हैस बाजारात काडली. पोरगा काय म्हनतो?" मी म्हणाले, "अजून विचारलं नाही."

दिवस कलताना आम्ही वाळूत बसलो होतो. मी रस्ताभर घोळवत आणलेलं वाक्य आता कुठल्या तोंडानं म्हणणार? विहीर भरली आहे, सोसायटी उभी राहिली आहे. दोन्ही खोटं झालं होतं, तेही माझ्या पाठीमागं. आणि तेव्हा, ज्यासाठी मी एवढी लांब आले होते ते, त्यानं आपल्या तोंडानं विचारलं.

"माय, येऊ का गावाकडं?"

तोंडावर पाणी मारल्यासारखी जागी झाले. त्याचा चेहरा तोच होता, मूठ मिटून घराकडं पळणाऱ्या पोराचा. हो म्हणावं, याच पावली त्याची पिशवी भरावी, असं वाटलं. पण आगीतून काढून फुफाट्यात नेऊ त्याला? परत त्या काठावर बसवू?

"राहा इथंच," मी म्हणाले. "पाणी थंड होईल."

"हां," तो म्हणाला. "व्हईल."

केजच्या एसटी स्टँडवर हे मला घ्यायला आले होते. मी गाडीतून उतरले, तरी हे माझ्या मागं गाडीच्या दाराकडं बघत राहिले. शेवटचा माणूस उतरला, कंडक्टरनं दार ओढलं, तेव्हा त्यांनी माझ्या हातातली पिशवी घेतली. जीपमध्ये बसलो.

पाणी थंड झालं, पण फार उशिरा. मेलेल्या भिंतीवर मग मळकट हिरवा थर चढला, असं दत्तानं सांगितलं. आता लोक येतात, त्यांना वाटतं समुद्र असाच असतो. तेही कमी झालेत. तो आता एका हॉटेलात पाण्याच्या हौदात पोरांना पोहायला शिकवतो. तळाला निळ्या फरश्या आहेत म्हणे. फोनवर तोंड दिसतं तेव्हा तो आधी बोटांचं कडं करून दाखवतो, बरं आहे का? मीही कडं करते, बरं आहे. मग इकडचं तिकडचं. ही आमची रीत पडून गेली आहे. तो खरं सांगत नाही, मी विचारत नाही, आणि उलटही तसंच. 'येऊ का' हा प्रश्न त्यानं परत विचारला नाही. मी 'ये' म्हणाले नाही.

यंदा सोसायटी बंदच करायची ठरली. बायकांनी अंगठे, सह्या केल्या. कौसाबाई अध्यक्ष म्हणून शेवटचं काहीतरी बोलायला उभी राहिली आणि नुसती पदरानं तोंड पुसून खाली बसली. कॅन आता टँकरचं पाणी भरून ठेवायला वाटून घेतलेत. माझ्या वाट्याचा दारात आहे. त्याला अजून दुधाचा वास येतो, पाण्यालाही तो लागतो. तुळस वाळली. तिच्यातली माती कुठली होती हे फक्त मला आणि ह्यांना माहीत आहे. म्हणून मी आज विहिरीत उतरले होते. का, ते विचारू नका. पुढच्या वैशाखात हा गाळही धूळ झालेला असेल, एवढंच डोक्यात होतं.

मूठ मिटूनच मी वर आले. काठावर पोचते तोच फोन वाजला. हात चिखलाचे, म्हणून कौसाबाईनंच तो उघडून माझ्या तोंडासमोर धरला. दत्ता होता. मागं निळ्या फरश्या दिसत होत्या. त्यानं नेहमीसारखं बोटांचं कडं केलं.

मी हात वर केला. कडं करायचं होतं मला, देवाशपथ तेच करायचं होतं. बोटं जुळली नाहीत. मुठीतला गाळ मनगटावरून ओघळला आणि अंगठा वर उभा राहिला, तळाच्या मातीनं माखलेला.

दत्ताचे डोळे मोठे झाले, त्या दिवशी काचेआड झाले होते तसे. का म्हणून त्यानं विचारलं नाही. मग त्यानंही हळूच हात वर केला आणि अंगठा दाखवला.

"बघ गं," कौसाबाई म्हणाली, "पोरगं बी मजेत हाय." तिनं फोन माझ्या कमरेला खोचला आणि घागर उचलून टँकरच्या रांगेकडं गेली.